'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट' वाक्यात नेमकं कुठे बसतं?

अर्धविराम

इंग्रजीत लिहिताना मराठी माणसाच्या हातून हमखास घसरणारा एक वाक्प्रयोग घेऊन हा धागा काढतोय: 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट'. अहवालात, ईमेलमध्ये, मुलाखतीत, चौकशी समितीच्या निष्कर्षात तो सतत दिसतो. शब्दकोशातला अर्थ माहीत असूनही तो चुकतो, कारण अडचण अर्थाची नसते, जागेची असते. उदाहरणाची इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच देतोय. प्रतिसादातही तसंच ठेवूया, उच्चारही सोबत कळतो.

हाइंडसाइट म्हणजे गोष्ट घडून गेल्यावर आलेली समज. ती आज बोलणाऱ्याकडे आहे, तेव्हा निर्णय घेणाऱ्याकडे नव्हती. हे सगळं या पाच शब्दांत सामावलेलं आहे. म्हणून वाक्यात तीन गोष्टी उघड किंवा गृहीत असाव्याच लागतात: तेव्हाचा निर्णय, मधल्या काळात कळलेली माहिती आणि आजचा निवाडा. यातली मधली गोष्ट नसली की वाक्य पोकळ होतं.

'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, वी शुड हॅव ऑर्डर्ड टू पंप्स.' हे बरोबर. मागणी नोंदवताना एक पंप पुरेल असं वाटलं होतं, तो ऐन वेळी बंद पडेल हे नंतर कळलं.

'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, इट वॉज रेनिंग दॅट डे.' हे चूक. व्याकरणात काही खोट नाही, पण पाऊस त्या दिवशीही सगळ्यांना दिसतच होता.

माझी कसोटी एकच आहे. वाक्य लिहून झालं की स्वतःला विचारायचं, 'नंतर काय कळलं?' उत्तर एका ओळीत देता आलं तर वाक्प्रयोग ठेवायचा, नाही आलं तर काढून टाकायचा.

आता बांधणी. 'बेनिफिट'च्या आधी 'द' हवा, 'हाइंडसाइट'च्या आधी नको. हाइंडसाइट मोजता येत नाही, त्यामुळे 'अ हाइंडसाइट' नाही आणि 'हाइंडसाइट्स'ही नाही. 'बेनिफिट' एकवचनीच, 'बेनिफिट्स ऑफ हाइंडसाइट' कानाला खटकतं. सुरुवातीला 'विथ'च हवं, 'बाय', 'ड्यू टू' किंवा 'फॉर' यातलं काहीच चालत नाही. 'फॉर द बेनिफिट ऑफ' म्हणजे 'कुणाच्या तरी भल्यासाठी', तो अर्थच वेगळा. हाइंडसाइट हा अख्खा एक शब्द आहे, मध्ये जागा नको, जोडरेघही नको. आणि ते फक्त नाम आहे, 'टू हाइंडसाइट' असं क्रियापद नाही.

काळाच्या चुका आणि मराठी भाषांतर या दोन्हींवर इथल्या जाणकारांनी लिहावं.

---

रेघोटी

उच्चाराबद्दल एक ओळ. 'हिंडसाइट' किंवा 'हिंदसाइट' नाही. जनावराचे मागचे पाय म्हणजे 'हाइंड लेग्ज', त्यातला हा 'हाइंड'. भरभर बोलताना मधला 'ड' जवळपास गळतो आणि 'हाइन्साइट' ऐकू येतं. जोर पहिल्या अवयवावर.

---

कानामात्रा

काळाच्या चुका मराठीच्या वळणामुळे होतात, म्हणून मराठीपासूनच सुरुवात करतो.

आपण म्हणतो, 'कळलं असतं तर थांबवलं असतं.' दोन्हीकडे 'असतं'. त्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' जातं: 'इफ वी वुड हॅव नोन, वी वुड हॅव स्टॉप्ड.' लेखी इंग्रजीत ही चूक धरतात. 'इफ'च्या बाजूला 'हॅड' आणि निकालाच्या बाजूला 'वुड हॅव': 'इफ वी हॅड नोन, वी वुड हॅव स्टॉप्ड.' आणखी औपचारिक करायचं तर 'इफ' काढून क्रम फिरवायचा: 'हॅड वी नोन, वी वुड हॅव स्टॉप्ड.'

याहून घातक चूक 'मस्ट हॅव'ची. मराठीत 'तपासायलाच पाहिजे होतं' यातल्या 'पाहिजे'साठी हात आपोआप 'मस्ट'कडे जातो. पण 'दे मस्ट हॅव चेक्ड द व्हॉल्व्ह' म्हणजे 'त्यांनी व्हॉल्व्ह तपासला असणारच'. म्हणायचं होतं की तपासला नाही, वाचणाऱ्याला कळलं की तपासला. अपघाताच्या अहवालात या एका शब्दाने जबाबदारी उलटी फिरते. चारही रूपं शेजारी ठेवा:

शुड हॅव चेक्ड: तपासायला हवं होतं, तपासलं नाही.
मस्ट हॅव चेक्ड: तपासलं असणार, असा अंदाज.
हॅड टू चेक: तपासावं लागलं, म्हणजे तपासलं.
कुड हॅव चेक्ड: तपासता आलं असतं, संधी होती.

हाइंडसाइटसोबत पहिलं आणि चौथं रूप सर्रास येतं. तिसरं जवळजवळ नाहीच, कारण ते नुसतं घडलेलं सांगतं. दुसरं येऊ शकतं, पण तिथेही जपून.

अजून एक रूप आहे, ज्याच्या पोटातच हाइंडसाइट आहे आणि आपण ते फारसं वापरत नाही: 'नीडन्ट हॅव'. 'वी नीडन्ट हॅव बॉट अ सेकंड प्रिंटर' म्हणजे दुसरा प्रिंटर घेतला आणि गरज नव्हती हे नंतर कळलं. 'वी डिडन्ट नीड टू बाय अ सेकंड प्रिंटर' यात गरज नव्हती एवढंच कळतं, घेतला की नाही ते गुलदस्त्यात. मराठीत दोन्हींना 'घ्यायची गरज नव्हती' म्हणून आपण मोकळे होतो, त्यामुळे इंग्रजीतला फरक निसटतो.

आता मुख्य वाक्याचा काळ. समज आजची आणि घटना कालची, म्हणून दोन थर पडतात: 'विथ हाइंडसाइट, इट इज क्लिअर दॅट द डेडलाइन वॉज टू टाइट.' स्पष्ट आहे आज, मुदत अपुरी होती तेव्हा. इथे 'इट वॉज क्लिअर' लिहिलं तर वाचणारा अडखळतो, कारण 'तेव्हाच स्पष्ट होतं' असाही अर्थ निघतो आणि मग दोष वेगळ्याच माणसावर जातो.

---

शेवंती

मस्ट हॅवचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, प्रत्येक कार्यालयात लावून ठेवावा असा. एक विचारते: 'इन हाइंडसाइट', 'विथ हाइंडसाइट' आणि 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट' यांत फरक आहे का? आणि 'इन रेट्रोस्पेक्ट'चं काय?

---

कानामात्रा

पहिल्या दोहोंत अर्थाचा फरक नाही. अमेरिकी लेखनात 'इन' जास्त दिसतं, ब्रिटिश लेखनात 'विथ'. एका मजकुरात एकच ठेवा.

तिसरं लांब आहे आणि त्या लांबीला काम आहे. 'बेनिफिट' हा शब्द उच्चारताच बोलणारा कबूल करतो की माझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून दुसऱ्याच्या निर्णयावर बोलताना लांब रूप वापरावं, तिथे ते न्यायाचं ठरतं. स्वतःच्या छोट्या चुकीसाठी 'इन हाइंडसाइट' पुरे. दोन ओळींच्या ईमेलमध्ये लांब रूप घातलं की निवेदन वाचल्यासारखं वाटतं.

'द' बाबत एक अपवाद टिपून ठेवा. 'विथ द हाइंडसाइट' चूक, पण पुढे 'ऑफ' घालून कालावधी दिला की बरोबर: 'विथ द हाइंडसाइट ऑफ ट्वेंटी इयर्स'.

'इन रेट्रोस्पेक्ट' म्हणजे नुसतं मागे वळून पाहणं. त्यात नवी माहिती लागतेच असं नाही आणि निवाडाही लागत नाही. 'इन रेट्रोस्पेक्ट, दोज वर गुड इयर्स' छान वाटतं. तिथे 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट' घातलं तर ती वर्षं चांगली होती हे कुठल्यातरी चौकशीत सिद्ध झाल्यासारखं वाटेल.

---

तळटीप

'बेनिफिट ऑफ' हा साचा समजला की बरंच सोपं होतं. 'ऑफ'नंतर येणारी गोष्ट फायदा देणारी असते. 'बेनिफिट ऑफ द डाउट' आपल्याला कोर्टाच्या बातम्यांतून पाठ आहे: संशयाचा फायदा. संशय फायदा देतो, आरोपीला तो मिळतो. इथे हाइंडसाइट फायदा देते, बोलणाऱ्याला तो मिळतो. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात याच साच्यातली 'बेनिफिट ऑफ क्लर्जी' नावाची सवलत होती. धर्मगुरूंना ती साध्या न्यायालयाच्या शिक्षेतून सोडवत असे, आणि १८२७ साली ती रद्द झाली.

'अ‍ॅडव्हान्टेज' घेतलं तर? 'विथ द अ‍ॅडव्हान्टेज ऑफ हाइंडसाइट' चालतं, पण तुलनेने कमी रुळलेलं आहे. मात्र 'टेकिंग अ‍ॅडव्हान्टेज ऑफ हाइंडसाइट' लिहू नका. आपल्या 'फायदा घेणे'सारखाच 'टेक अ‍ॅडव्हान्टेज ऑफ'लाही गैरफायद्याचा वास आहे. 'हॅव' वापरा: 'वी नाउ हॅव द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, द क्रू डिड नॉट.' दुसऱ्याची बाजू मांडणारं इतकं नेटकं वाक्य दुसरं सुचत नाही.

---

पाणचक्की

स्वल्पविरामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सुरुवातीला आला तर नंतर एक स्वल्पविराम. मध्ये आला तर दोन्ही बाजूंना: 'द सेकंड टेस्ट, विथ हाइंडसाइट, वॉज अननेसेसरी.' एकच लावून दुसरा विसरणं हीच नेहमीची चूक. शेवटी आला तर सहसा नको.

आणि लटकता कृदंत टाळा. 'हॅविंग द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, द ब्रिज शुड हॅव बीन क्लोज्ड' यात हाइंडसाइट पुलाकडे जाते. 'विथ'ने सुरुवात केली की ही अडचण येत नाही, कारण ते सबंध वाक्याचं क्रियाविशेषण होऊन बसतं.

---

दुभाषी

भाषांतराची बाजू मांडतो. इथे सर्वात जास्त नुकसान 'बेनिफिट' या शब्दाने होतं. 'मागाहून आलेल्या शहाणपणाच्या फायद्यासह' असं मराठी छापलेलं दिसतं आणि वाचवत नाही. मराठीत फायदा बोलून दाखवायची गरजच नसते, तो क्रियापदात आणि काळात आपोआप येतो. संदर्भ पाहून यातलं एक निवडावं:

'आज मागे वळून पाहताना वाटतं की...' आत्मपर लेखनात.
'नंतर समोर आलेल्या गोष्टी लक्षात घेता...' अहवालात, निकालपत्रात.
'तेव्हा हे कळायला मार्ग नव्हता, पण...' निर्णय घेणाऱ्याची बाजू घ्यायची असेल तेव्हा.
'मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं' हे 'इट इज ईझी टू बी वाइज विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट' याला नेमकं बसतं.

'पश्चातबुद्धी' हा शब्द बरोबर आहे, पण त्याला बोचरा रंग आहे. कुणाला पश्चातबुद्धी सुचली म्हटलं की आपण त्याला टोमणा मारतोय. इंग्रजी वाक्प्रयोग नम्रपणे वापरला असेल तर हा शब्द त्याचा सूर बिघडवतो.

म्हणींची गल्लत तर फारच. 'वरातीमागून घोडे' आणि 'बैल गेला नि झोपा केला' या दोन्ही म्हणी उशिरा केलेल्या कृतीच्या आहेत. झोपा म्हणजे गोठ्याचं झापड, ते बैल गेल्यावर लावलं. हाइंडसाइट ही उशिरा आलेली समज आहे, कृती असेलच असं नाही. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' यात दुसऱ्याच्या चुकीवरून आधीच सावध होणं आहे, म्हणजे ती उलट फोरसाइटकडे, दूरदृष्टीकडे झुकते. 'सिंहावलोकन' म्हणजे चालता चालता मागे वळून घेतलेला आढावा, ते 'रेट्रोस्पेक्ट'च्या जवळचं. 'पश्चात्ताप' आणि 'उपरती' यांत मनाची टोचणी आहे. हाइंडसाइटमध्ये टोचणी असेलच असं नाही: 'विथ हाइंडसाइट, इट वॉज द बेस्ट डिसिजन वी मेड' हेही पूर्ण योग्य वाक्य आहे. चांगल्या ठरलेल्या निर्णयासाठीही हा वाक्प्रयोग वापरता येतो हे बरेच जण विसरतात.

---

ओळंबा

शब्दाच्या पोटातली गोष्ट थोडक्यात. फोरसाइट हा इंग्रजीतला मध्ययुगापासूनचा शब्द. हाइंडसाइट त्यामानाने अगदी नवा, एकोणिसाव्या शतकातला, आणि तोही सुरुवातीला बंदुकीच्या संदर्भात आढळतो. नळीच्या टोकावरची माशी म्हणजे फोरसाइट, डोळ्याजवळची मागची खाच म्हणजे हाइंडसाइट. नेम धरताना दोन्ही एका रेषेत आणावी लागतात. घडून गेल्यावरची समज हा अर्थ त्याच शतकात पुढे रुळला.

जमिनीची लेव्हल काढणाऱ्यांकडे 'बॅकसाइट' आणि 'फोरसाइट' आजही रोजच्या वापरात आहेत. उपकरण मांडल्यावर पहिलं वाचन बॅकसाइटचं, आणि ते ज्याची उंची आधीच ठाऊक आहे अशा बिंदूवर घेतात. ज्याची उंची काढायची आहे अशा पुढच्या बिंदूवरचं, उपकरण हलवण्याआधीचं शेवटचं वाचन म्हणजे फोरसाइट. ठाऊक ते मागे, न ठाऊक ते पुढे. मला हा शब्दजोड लक्षात ठेवायला याहून चांगली खूण सापडलेली नाही. फक्त तिथे 'हाइंडसाइट' म्हणत नाहीत, गल्लत नको.

---

शेवंती

आणि 'हाइंडसाइट इज ट्वेंटी-ट्वेंटी'?

---

रेघोटी

तो आकडा डोळ्यांच्या तपासणीचा. हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता केला. २० फुटांवरून निरोगी डोळ्याला जे वाचता येतं ते तुम्हालाही २० फुटांवरून वाचता आलं, तर दृष्टी २०/२०. मीटरमध्ये हेच ६/६. म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीकडे पाहताना प्रत्येकाची नजर साफ असते.

हे स्वतंत्र वाक्य म्हणून येतं, वाक्यात जोडून नाही. 'विथ ट्वेंटी-ट्वेंटी हाइंडसाइट' असं विशेषण करून वापरतात, पण सूर बोलीतला आहे. औपचारिक अहवालात घालू नका.

---

तळटीप

अर्धविराम यांची 'नंतर काय कळलं' ही कसोटी कायद्यात जवळपास याच स्वरूपात आहे. इंग्लंडमधला 'रो विरुद्ध आरोग्यमंत्री' हा खटला पाहा. १९४७ साली शस्त्रक्रियेआधी पाठीच्या कण्यात भुलीचं इंजेक्शन दिलेले दोन रुग्ण कायमचे अपंग झाले. भुलीच्या औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलमध्ये बुडवून ठेवत. काचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा गेल्या आणि फिनॉल आत झिरपलं, असं न्यायालयाने धरलं. असं घडू शकतं हे १९४७ मध्ये वैद्यकाला सर्वसाधारणपणे माहीत नव्हतं, ते पुढे छापून आलं. १९५४ साली अपील न्यायालयाने निष्काळजीपणा मानला नाही. न्यायमूर्ती डेनिंग यांचं वाक्य प्रसिद्ध आहे: 'वी मस्ट नॉट लुक अ‍ॅट द १९४७ अ‍ॅक्सिडेंट विथ १९५४ स्पेक्टॅकल्स.' १९४७ च्या अपघाताकडे १९५४ च्या चष्म्यातून पाहता कामा नये. हाइंडसाइट हा शब्द न वापरता हाइंडसाइटबद्दल इतकं नेमकं बोलता येतं.

पेटंटमध्येही हाच प्रश्न रोज उभा राहतो. एखादी कल्पना 'त्यात काय विशेष, कुणालाही सुचली असती' अशी होती का, हे अर्जाच्या तारखेपर्यंतच्या ज्ञानावरून ठरवायचं असतं, आणि परीक्षकापुढे तर उत्तर आधीच उघडं पडलेलं असतं.

उत्तर दिसलं की ते सोपं वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगाने दाखवलं. १८१४ च्या ब्रिटिश-गुरखा युद्धाचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. एका गटाला शेवट सांगितला नाही. बाकीच्या चार गटांना वेगवेगळे शेवट 'हेच घडलं' म्हणून सांगितले: ब्रिटिश जिंकले, गुरखे जिंकले, कोंडी होऊन तह झाला, कोंडी होऊनही तह झाला नाही. मग विचारलं, शेवट माहीत नसता तर कशाची शक्यता किती धरली असती? प्रत्येक गटाने आपल्याला सांगितलेल्या शेवटाची शक्यता जास्त धरली. याला हाइंडसाइट बायस म्हणतात. मराठीत त्याचं रोजचं रूप म्हणजे 'मला वाटलंच होतं' आणि 'तरी मी म्हणत होतो'. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हणसुद्धा बहुतेक वेळा मूल मोठं होऊन नाव काढल्यावरच उच्चारली जाते.

लिहिताना 'हाइंडसाइट' आणि 'हाइंडसाइट बायस' एकमेकांच्या जागी घालू नका. पहिली खरी माहिती आहे, दुसरी स्मरणाची आणि अंदाजाची चूक.

---

पाणचक्की

इथे माझा एक आक्षेप आहे. आपण वाक्प्रयोग न्यायाचा म्हणतोय, पण निवेदनांमध्ये त्याचा वापर पळवाट म्हणून होतो. 'विथ हाइंडसाइट, वी कुड हॅव डन बेटर' हे माफीसारखं वाचलं जातं आणि त्यात माफी नसते. काय चुकलं, कुणाचं चुकलं, काहीच नाही. त्यामुळे संस्थांच्या लेखनातून हा वाक्प्रयोग सरळ काढून टाकावा असं माझं मत आहे.

---

अर्धविराम

काढून टाकण्याऐवजी कसोटी कडक लावावी असं मी म्हणेन. दोन घटना घेऊन पाहा.

चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. थंडीत बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी ताठरते, गळती होते. आता 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, द कोल्ड वॉज अ डेंजर' लिहायचं का? नाही. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या संध्याकाळीच ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये असं सांगितलं होतं. ती फोरसाइट होती आणि ती डावलली गेली. इथे 'हाइंडसाइट' लिहिणं म्हणजे आधी दिलेला इशारा पुसणं. पाणचक्की, तुमचा आक्षेप इथे शंभर टक्के लागू पडतो.

टायटॅनिकची गोष्ट जास्त बारीक आहे. जहाजावर सुमारे २,२०० माणसं, बोटींत जागा १,१७८. 'बोटी सर्वांना पुरणार नाहीत हे विथ हाइंडसाइट कळलं' असं लिहिलं तर चूक, कारण ही वजाबाकी निघण्याआधीही करता येत होती. नियमाचा तक्ता १०,००० टनांशी थांबत होता, त्यापुढच्या कितीही मोठ्या जहाजाला १६ बोटी पुरे. टायटॅनिक ४६,००० टनांचं होतं आणि त्यावर २० बोटी होत्या. हेही कागदावर होतं. मग नंतर काय कळलं? तोवर बोटींकडे मदतीला आलेल्या जहाजापर्यंत माणसं नेण्याआणण्याचं साधन म्हणून पाहिलं जात होतं. टायटॅनिक आदळल्यापासून २ तास ४० मिनिटांत बुडालं आणि पहिलं मदतीचं जहाज ते बुडाल्यावर सुमारे पावणेदोन तासांनी पोचलं. म्हणून वाक्य असं हवं: 'विथ द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, रिलायन्स ऑन अ निअरबाय शिप वॉज मिसप्लेस्ड.' हाइंडसाइट त्या भरवशाला लागते, बोटींच्या संख्येला लागत नाही.

---

पाणचक्की

मान्य. मग संस्थांसाठी नियम असा करूया: हा वाक्प्रयोग एकटा सोडायचा नाही. त्याच्याआधी 'अ‍ॅट द टाइम' घालून तेव्हाची माहिती द्यायची, मग 'वी हॅव सिन्स लर्न्ट' म्हणून नंतरची, आणि शेवटी 'वी शुड हॅव'. तीन वाक्यं झाली की लपायला जागा उरत नाही:

'अ‍ॅट द टाइम, द सेन्सर रीडिंग्ज लुक्ड नॉर्मल. वी हॅव सिन्स लर्न्ट दॅट द सेन्सर वॉज फॉल्टी. विथ हाइंडसाइट, वी शुड हॅव क्रॉस-चेक्ड देम बाय हँड.'

हे लिहिता यायला घटनेच्या टिपणात वेळ, त्या क्षणी उपलब्ध माहिती आणि केलेली कृती असे तीन रकाने आधीपासून हवेत. निकाल कळल्यावर भरलेला मधला रकाना भरवशाचा नसतो, तळटीप यांनी सांगितलेल्या प्रयोगाने तेच दाखवलं.

---

शेवंती

सरावासाठी पाच वाक्यं टाकते. सगळ्यांत काहीतरी बिघडलेलं आहे.

१. बाय द बेनिफिट ऑफ हाइंडसाइट, वी मस्ट हॅव स्टार्टेड अर्लियर.
२. इन द हाइंडसाइट, द सिंपल डिझाइन वॉज बेटर.
३. शी हॅड अ ग्रेट हाइंडसाइट अबाउट द कमिंग शॉर्टेज.
४. विथ हाइंडसाइट, ही शुड हॅव वेंट बाय ट्रेन.
५. विथ हाइंडसाइट, वी विल चेक द फिल्टर एव्हरी वीक.

---

कानामात्रा

१. 'बाय'ऐवजी 'विथ', आणि 'मस्ट हॅव'ऐवजी 'शुड हॅव'. आहे तसं वाक्य 'आपण बहुधा लवकरच सुरू केलं असणार' असं सांगतं.

२. 'द' काढा, बाकी ठीक. निर्णय चांगला ठरल्याचं उदाहरण म्हणून तर छानच.

३. टंचाई यायची आहे, म्हणजे ही फोरसाइट. तीही मोजता येत नाही, म्हणून 'अ' नको: 'शी शोड ग्रेट फोरसाइट अबाउट द कमिंग शॉर्टेज.'

४. 'हॅव'नंतर तिसरं रूप हवं, 'वेंट' नव्हे 'गॉन'. अशीच अडखळणारी बाकीची: हॅव रिटन, हॅव टेकन, हॅव चोझन, हॅव बिगन. यांच्या जागी रोट, टुक, चोझ, बिगॅन येतात आणि वाचणारा तिथेच थांबतो.

५. हाइंडसाइटचा निवाडा मागच्या गोष्टीवर असतो, पुढच्या बेतावर नाही. 'हॅविंग सीन व्हॉट हॅपन्ड, वी विल चेक द फिल्टर एव्हरी वीक.'

---

दुभाषी

पाचव्याला एक पुरवणी. भविष्यकाळ सरसकट बाद नाही. 'टेन इयर्स फ्रॉम नाउ, विथ हाइंडसाइट, धिस मे लुक लाइक अ मिस्टेक' हे शुद्ध आहे, कारण पाहणारा दहा वर्षं पुढे उभा राहून आजच्या निर्णयाकडे मागे पाहतोय. पाहणाऱ्याची जागा घटनेच्या नंतरची असली की पुरे, ती जागा आजच असली पाहिजे असं नाही. अशा वाक्याचं मराठी करताना 'मागे वळून' सोडू नका: 'दहा वर्षांनी मागे वळून पाहताना ही चूक वाटेलही.'

---

कानामात्रा

बरोबर, दुरुस्ती मान्य. आणि तिथे 'मे' किंवा 'माइट'च हवं. ठाम 'विल' घातलं तर जे कळायचं बाकी आहे ते आजच कळल्याचा दावा होतो.